चकतीची जाडी आणि चाकाची जागा

बेळगावच्या उद्यमबागेत एखाद्या वर्कशॉपमध्ये जाऊन ॲल्युमिनियमची, मध्ये भोक असलेली, १५ मिलिमीटर जाडीची चकती मागितली, तर तिथला टर्नर ती शतांश मिलिमीटरच्या अचूकतेने कापून देईल. ओतकाम आणि यंत्रकाम हा या शहराचा जुना व्यवसाय आहे. गेल्या हिवाळ्यात निपाणीकडचा एक तरुण अशा दोन चकत्यांसाठी, म्हणजे चाकाच्या स्पेसरसाठी, माझ्याकडे आला होता. आपली छोटी हॅचबॅक तो चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर चालवतो. निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा येणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ पुढे बेंगळुरूमार्गे त्याच बाजूला जातो. मागच्या चाकांना त्याने आधीच १५ मिलिमीटरचे स्पेसर बसवले होते, आणि तेव्हापासून लांब वळणात गाडीचे तोंड हवे तितके आत वळत नाही, अशी त्याची तक्रार होती. आता पुढेही तेवढेच स्पेसर घातले की गाडी वळण धरेल, असे त्याला वाटत होते. त्याच्या या प्रश्नात इतके भौतिकशास्त्र दडलेले आहे की ते सविस्तर मांडावेसे वाटले.

स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर आवळले जाते तो फिरणारा भाग) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी चकती. प्रत्येक रिमवर ईटी हा आकडा कोरलेला असतो. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी ४५ च्या रिममागे १५ मिलिमीटरचा स्पेसर घातला की चाक ईटी ३० च्या रिमसारखे बाहेर येते, आणि दोन्ही बाजूंना मिळून त्या आसावरची चाकोरी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, ३० मिलिमीटरने रुंदावते.

रुंद चाकोरीचा फायदा चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर गळीत हंगामात कुणालाही दिसतो. उसाची ट्रॉली जितकी उंच भरावी तितकी ती वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते, आणि चाके जितकी दूर असतील तितकी ती सावरते. मोटारीतही हेच घडते. वळणात वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकते, ते बाजूकडील बलाला गुरुत्वमध्याच्या उंचीने गुणून आणि चाकोरीच्या रुंदीने भागून मिळते. चालकासह गाडी १,००० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर, चाकोरी १५० सेंटिमीटर आणि वळणातील बल गाडीच्या वजनाइतके, असे धरले, तर सुमारे ३३३ किलो भार आतून बाहेर जातो. चारही चाकांना १५ मिलिमीटरचे स्पेसर घातल्यावर चाकोरी १५३ सेंटिमीटर होते आणि हा भार ३२७ किलोवर येतो. फरक सहा किलोंचा, म्हणजे दोन टक्क्यांचा. टायरवर भार वाढत जातो तशी त्याची दर किलोमागची पकड घटत जाते, त्यामुळे चारही टायरांवर भार जितका सारखा, तितकी एकूण पकड जास्त. तेव्हा हे दोन टक्के खरे आहेत, पण ते दोनच टक्के आहेत.

त्या तरुणाच्या गाडीत हा फायदा फक्त मागच्या आसाला मिळाला होता. मागची पकड किंचित वाढली आणि पुढची होती तेवढीच राहिली. रोजच्या रस्त्यावर हे कुणाच्या लक्षातही आले नसते. पकडीच्या अगदी टोकावर चालणाऱ्या गाडीत मात्र समतोल एवढ्यानेही हलतो. पुढच्या चाकांवर चालणारी हॅचबॅक मुळातच वळणात बाहेर सरकण्याकडे झुकलेली असते, आणि त्याने नेमकी तीच खोड वाढवून ठेवली होती.

मग पुढेही तेवढेच घालून समतोल परत आणावा, हा त्याचा विचार वरवर बरोबर वाटतो. पण पुढच्या चाकाला वळावे लागते, आणि इथे हिशेब बदलतो. चाक ज्या कललेल्या रेषेभोवती वळते, ती रेषा खाली वाढवली तर जमिनीला एका बिंदूत मिळते. त्या बिंदूपासून टायरच्या टेकण्याच्या मध्यापर्यंतचे अंतर गाडीच्या आराखडाकाराने विचारपूर्वक ठरवलेले असते. स्पेसर हे अंतर आपल्या पूर्ण जाडीइतके बाहेर ढकलतो. जोराचा ब्रेक लावल्यावर पुढच्या एका चाकावर ३,००० न्यूटन बल येत असेल, तर १५ मिलिमीटरच्या जादा अंतराने ४५ न्यूटन-मीटरचा जादा पीळ त्या चाकाच्या वळण्याच्या रेषेवर पडतो. दोन्ही चाके सारख्या रस्त्यावर असतात तोवर डावा-उजवा पीळ एकमेकांना तोलून धरतात आणि चालकाला काही कळत नाही. एक चाक कडेच्या मातीवर किंवा ओल्या पट्ट्यावर गेले, की तोल मोडतो आणि स्टिअरिंग हाताला हिसका देते. चोर्ला घाटात पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याला या हिसक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

स्प्रिंगचेही असेच आहे. चाक ज्या टेकूभोवती वरखाली होते त्यापासून ते ३५० मिलिमीटरवर असेल आणि स्पेसरमुळे ३६५ वर गेले, तर तरफ लांबते. चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा तरफेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. या उदाहरणात तो सुमारे आठ टक्क्यांनी कमी होईल. बहुतेक गाड्यांत हा टेकू प्रत्यक्षात बराच दूर असल्यामुळे घट याहून कमी असते, पण स्प्रिंग न बदलता गाडी मऊ होते, ही गोष्ट खरी.

स्पेसरमुळे बेअरिंग जाते, हे वाक्य प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते, आणि त्याची शहानिशा करण्याजोगी आहे. वळणात बाहेरच्या चाकावर दोन मरोड, म्हणजे त्याला तिरके करू पाहणारे जोर, येतात. रस्ता टायरच्या तळाला आत ढकलतो, त्याचा हात, म्हणजे तरफेची लांबी, ही चाकाची त्रिज्या, सुमारे ३०० मिलिमीटर. आणि रस्ता चाकाला वर ढकलतो, त्याचा हात म्हणजे बेअरिंगच्या मध्यापासून चाक जितके बाहेर आहे तेवढे अंतर. हे दोन मरोड एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. म्हणजे सर्वाधिक भार वाहणाऱ्या बाहेरच्या चाकावर, वळण चालू असताना, स्पेसर बेअरिंगचा मरोड किंचित कमीच करतो! खरे नुकसान होते ते सरळ रस्त्यावर, खड्ड्यांत आणि ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरून जाताना, कारण तेव्हा उभा भार एकटाच असतो आणि तो बेअरिंगच्या मध्याऐवजी गोळ्यांच्या बाहेरच्या ओळीवर जास्त पडतो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार दहा टक्के वाढला तर आयुष्य सुमारे पाव भागाने घटते. निपाणी ते चेन्नई हा सगळा प्रवास स्पेसर घालूनच करणाऱ्याचे बेअरिंग ट्रॅकपेक्षा महामार्गावर अधिक झिजेल.

आता नट-बोल्टांकडे येतो, कारण जिवाशी गाठ आहे ती इथे. बोल्टांच्या दांड्यांवर चाक टांगलेले असते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात बोल्ट ताणला जातो, त्या ताणाने चाक हबवर दाबले जाते, आणि दोन पृष्ठभागांमधील घर्षण चाकाला जागेवर धरते. एम १२ चा, म्हणजे १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टाचा, नट १०० न्यूटन-मीटरने आवळला की बोल्टात साधारण चार टनांचा ताण येतो. एवढ्या ताणाने ४० मिलिमीटर लांबीचा बोल्ट किती लांबतो? सुमारे ०.०९ मिलिमीटर. चाकाची सारी सुरक्षितता या केसाएवढ्या लांबण्यात आहे. हब आणि स्पेसर यांच्यामध्ये रंगाचा, गंजाचा किंवा खानापूरकडच्या तांबड्या मातीचा ०.०३ मिलिमीटरचा थर राहिला आणि धावताना तो दबून गेला, तर बोल्टाचा एक तृतीयांश ताण तिथेच संपतो. स्पेसरमुळे असे सांधे एकाऐवजी दोन होतात. म्हणून हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करावा, स्पेसरला रंग देऊ नये, एकावर एक दोन स्पेसर कधीही लावू नयेत, आणि टॉर्क पान्याने आवळलेले नट पहिल्या काही फेऱ्यांनंतर चाके थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

स्टडची, म्हणजे हबमध्ये ठोकलेल्या या बोल्टांची, लांबीही तितकीच महत्त्वाची. स्पेसर जेवढा जाड, तेवढे आटे नटाच्या हातून निसटतात. एम १२ च्या बारीक आट्यावर नट किमान आठ पूर्ण वेढे बसायला हवा, हा माझा नियम आहे. तेवढे वेढे मिळत नसतील तर लांब स्टड ठोकून घ्यावेत. शिवाय हबच्या मधला उंचवटा चाकाला मध्यावर धरतो, तो जाड स्पेसरच्या आत बुडून जातो. त्यामुळे स्पेसरला स्वतःचा तसाच उंचवटा हवा, नाहीतर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यावर येते आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. एक सूत (सुमारे तीन मिलिमीटर) जाडीच्या पातळ चकत्यांवर असा उंचवटा काढायला धातूच उरत नाही, म्हणून त्या दिसायला निरुपद्रवी असल्या तरी नीट पारखून घ्याव्यात.

रस्त्यावरच्या कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कलम कडक अर्थाने लावले आहे. स्पेसर ट्रॅकवर पोहोचल्यावर लावावेत आणि परतीच्या वाटेला लागण्याआधी काढावेत.

आम्ही त्या तरुणाची गाडी उचलून पुढचे चाक काढले. त्याने मोठे ब्रेक कॅलिपर बसवले होते, आणि रिमचा आरा कॅलिपरपासून जेमतेम एका मिलिमीटरवर होता. कॅलिपर तापून फुगल्यावर तो नक्की घासला असता. स्पेसरचे खरे काम इथे होते. मागचे १५ मिलिमीटरचे स्पेसर काढून टाकले. पुढे उंचवट्यासह ५ मिलिमीटरच्या दोन चकत्या ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमातून कापून घेतल्या, डायल लावून दोन्ही बाजू समांतर असल्याची खात्री केली आणि स्टड लांब घातले. चकत्यांच्या कडेवर जाडी कोरून ठेवली आहे, म्हणजे ट्रॅकवर घाईत चाक बदलणाऱ्याला कुठली चकती कुठे जाते ते विचारावे लागणार नाही.