जनुकीय विदा-मानके (वैद्यकीय नोंदींसाठी)

जनुक-तपासणीचे निष्कर्ष रुग्णाच्या संगणकीय आरोग्य-नोंदीत अर्थ न बदलता उतरावेत, यासाठी ठरवलेले नामकरणाचे, संकेतांकांचे व संदेशरचनेचे नियम. त्यांचा आरंभ आरोग्य-माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम ठरवणाऱ्या, १९८७ मध्ये स्थापन झालेल्या एचएल७ संस्थेच्या संदेश-मानकांपासून धरता येतो, किंवा नव्वदच्या दशकात सुरू होऊन साधारण २००० च्या सुमारास आकाराला आलेल्या एचजीव्हीएस या जनुकीय बदलांच्या नामकरण-पद्धतीपासून. दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो; संदेश बिनचूक पोहोचला, पण त्यात नोंदलेला जनुकातला बदल ओळखताच आला नाही, तर रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

स्तन व बीजांडकोशाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए१ जनुकातील एक बदल जुन्या अहवालांत ‘१८५डेलएजी’, काही ठिकाणी ‘१८७डेलएजी’ आणि आता ‘सी.६८_६९डेल’ असा आढळतो. बदल एकच (‘डेल’ म्हणजे गळती). तिथे ‘एजी’ ही डीएनएतील अक्षरांची जोडी लागोपाठ दोनदा येते. त्यामुळे पहिली गळाली की दुसरी, हे सांगता येत नाही. जुनी मोजणी संदेशवाहक आरएनएच्या संदर्भक्रमाच्या पहिल्या अक्षरापासून होई, तर प्रथिनाचा मजकूर १२० व्या अक्षरापासून सुरू होतो. एचजीव्हीएस तिथूनच मोजते व गळती शेवटच्या जोडीवर दाखवते. म्हणून १८७ वजा ११९, म्हणजे ६८. जनुकीय बदलांची यादी साठवणाऱ्या व्हीसीएफ धारिकांत मात्र बदल जीनोमच्या (संपूर्ण डीएनए-क्रमाच्या) डावीकडे सरकवण्याचा प्रघात आहे. बीआरसीए१ डीएनएच्या उलट्या धाग्यावर, म्हणजे जीनोमच्या मोजणीच्या विरुद्ध दिशेने वाचला जात असल्याने येथे दोन्ही नियम एकाच जोडीवर येतात. सुलट्या धाग्यावरील जनुकांत अशा पुनरावृत्तीपाशी ते फारकत घेतात. शिवाय हीच गळती संदर्भ-जीनोमच्या (तुलनेसाठी प्रमाण धरलेल्या मानवी डीएनए-क्रमाच्या) जीआरसीएच३७ आवृत्तीत १७ व्या गुणसूत्रावर ४,१२,७६,०४५ या स्थानी, तर जीआरसीएच३८ मध्ये ४,३१,२४,०२८ या स्थानी सुरू होते. आवृत्ती न लिहिलेले स्थान नोंदीत घेऊच नये.

२०१३ मध्ये स्थापन झालेल्या जीए४जीएच या आंतरराष्ट्रीय आघाडीच्या व्हीआरएस मानकात बदलाच्या वर्णनावरूनच संगणक त्याची ओळख-खूण काढतो. संदेशांच्या वहनासाठी एचएल७चे फायर हे मानक, चाचण्यांच्या संकेतांकांसाठी लॉइंक व निदानांसाठी स्नोमेड सीटी वापरतात.

तरीही अनेक अहवाल पीडीएफ म्हणूनच जोडले जातात. सीवायपी२सी१९ जनुकाच्या निष्क्रिय प्रकारांमुळे क्लोपिडोग्रेल या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधाचा परिणाम घटतो. पण ही बाब पीडीएफमध्येच राहिली, तर औषध लिहिताना संगणक डॉक्टरांना सावध करू शकत नाही. ‘अनिश्चित महत्त्वाचा’ ठरलेला बदल पुढे रोगकारक किंवा निरुपद्रवी ठरू शकतो. त्यामुळे निष्कर्षासोबत अन्वयार्थाची तारीखही स्वतंत्र रकान्यात असावी लागते.