वर्गातला दादा घरी कोण असतो?

एक मुलगा खोलीत बसून चित्राचे तुकडे जुळवतोय. चित्र पूर्ण झालं की बक्षीस मिळणार आहे. अर्धंअधिक जुळल्यावर त्याला कळतं, की शेजारच्या खोलीतला कुणी अनोळखी मुलगा त्याचं काम बघायला आला आणि जुळवलेले तुकडे विस्कटले. त्या वेळचा त्या मुलाचा आवाजही त्याला ऐकवला जातो. काही मुलांना ऐकवलेल्या आवाजात उघड खोडसाळपणा होता. काहींना ऐकू आलं ते असं, की बिचारा मदत करायला गेला आणि हातून पडलं. उरलेल्यांना मात्र मुद्दाम मोडलं की चुकून, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन प्रकारांत मारकुटी मुलं आणि शांत मुलं जवळपास सारखीच वागली. मुद्दाम मोडलंय म्हटल्यावर दोघंही चिडली, चुकून मोडलंय म्हटल्यावर दोघांनीही सोडून दिलं. फरक पडला तो तिसऱ्या प्रकारात. शांत मुलांनी धरून चालले, की चुकून झालं असेल. मारकुट्यांनी धरून चालले, की मुद्दामच केलंय.

शाळेचा अख्खा दिवस या तिसऱ्या प्रकारानेच भरलेला असतो. जिन्यात धक्का लागतो, मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसतं, डब्याच्या सुट्टीत कुणी जागा धरत नाही. यातलं काय मुद्दाम आणि काय सहज, हे दर वेळी मनातल्या मनात ठरवावं लागतं. ज्याचं उत्तर ठरलेलंच असतं, त्याची मूठ आधी वळते.

हे उत्तर येतं कुठून? डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ३०९ लहान मुलांचा शाळेत जाण्याच्या आधीपासून मागोवा घेतला. १९९०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलेला निष्कर्ष असा, की घरी इजा होईपर्यंत मार खाल्लेली मुलं बालवर्गात जास्त आक्रमक होती. घरची परिस्थिती आणि मुलाचा मूळ स्वभाव हिशेबात धरूनही हा फरक उरत होता. मार आणि मारकुटेपणा यांच्या मधला एक दुवा होता तो समोरच्याच्या वागण्याचा अर्थ लावण्याची हीच पद्धत.

मानसशास्त्रज्ञ सेथ पोलाक यांनी २००२ साली हेच चेहऱ्यांवर तपासून पाहिलं. एक भाव हळूहळू दुसऱ्या भावात मिसळत जाणाऱ्या छायाचित्रांची मालिका त्यांनी मुलांना दाखवली. एका टोकाला भीती किंवा दुःख, दुसऱ्या टोकाला राग. घरी मारहाण सोसलेल्या मुलांची रागाची सीमा सरकलेली निघाली. इतरांना जो चेहरा अजून घाबरलेला किंवा उदास दिसत होता, त्यात या मुलांना राग दिसायला लागला होता. याला दोष म्हणताना जरा थांबावंसं वाटतं. ज्या घरात कुणाची भुवई चढल्यावर पुढच्या क्षणाला हात उठतो, तिथं भुवई लवकर ओळखणं हाच शहाणपणा. पंचाईत एवढीच, की मूल शाळेत येताना हे डोळे घरी ठेवून येत नाही.

आता गरिबीकडे वळू, कारण इथं एक सोपी समजूत फार घट्ट बसली आहे. वर्गातला दादा म्हणजे गरीब, विस्कटलेल्या घरातला मुलगा, असं शिक्षकांच्या खोलीतही सर्रास बोललं जातं. टिपेट आणि वोल्क या संशोधकांनी २०१४मध्ये २८ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा दादागिरी आणि घरची आर्थिक स्थिती यांचा संबंध अगदीच पुसट निघाला. दमदाटी सगळ्या थरांतली मुलं करतात. शिवाय टोळीचे म्होरके असलेले काही दादा समोरच्याच्या मनातलं ओळखण्यात इतरांपेक्षा पटाईत असतात, हे ब्रिटनमधल्या १९९९च्या एका अभ्यासात दिसलं होतं. आणि दादागिरीच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॅन ओल्विअस यांना या मुलांच्या दांडगाईमागे दडलेला न्यूनगंड शोधूनही सापडला नव्हता. तेव्हा फाटक्या कपड्यांतल्या प्रत्येक मुलाकडे संशयाने बघणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

मग गरिबीचा काहीच संबंध नाही? आहे, पण एका वेगळ्या गटाशी. काही मुलं दादागिरी करतातही आणि सोसतातही. मोठ्यांचा मार खातात, धाकट्यांवर काढतात. पटकन भडकतात, लगेच रडतातही. म्होरक्यासारखा त्यांना मान नसतो, मित्रही फारसे नसतात. टिपेट आणि वोल्क यांच्या आकड्यांत गरीब घरातली मुलं जास्त सापडली ती या गटात, आणि नुसता त्रास सोसणाऱ्यांत.

गरिबी मुलापर्यंत पोचते कशी, याचं सगळ्यात तपशीलवार चित्र अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून मिळतं. १९८०च्या दशकात तिथं शेती कोसळली. जमिनीचे भाव पडले, कर्ज मात्र जागच्या जागी राहिलं. रँड काँगर या संशोधकाने १९८९पासून तिथल्या ४५१ कुटुंबांचा अभ्यास केला. पैशाची ओढाताण सुरू झाली, की आधी आईवडील मनाने खचत. मग त्यांचे आपसात खटके उडत. त्यानंतर मुलांशी वागणं कडक, तुटक, लहरी होई, आणि शेवटी मुलांचं वागणं बिघडे. घरातला हिशेब मुलाला कुणी सांगत नाही. तो त्याला कळतो वडिलांच्या आवाजातून, दार आपटण्यातून, ‘आत्ता नको’ म्हणून मिटवलेल्या प्रश्नातून.

पण अशी साखळी मांडली म्हणजे कारण सिद्ध झालं, असं नाही. कदाचित मुळात तापट असलेल्यांच्याच हाती पैसा टिकत नसेल! याचा निकाल लावायचा, तर काही गरीब कुटुंबांना आपण होऊन पैसे द्यायचे आणि मुलांकडे पाहत राहायचं. नेमकं तसंच काहीसं योगायोगाने घडलं.

अमेरिकेतल्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यात जेन कॉस्टेलो या संशोधक १९९३पासून १४२० मुलांच्या मानसिक आरोग्याची दर वर्षी पाहणी करत होत्या. त्यांतली सुमारे पाव मुलं मूळ अमेरिकी वंशाची होती. पाहणी चालू असतानाच तिथल्या चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या राखीव प्रदेशात कॅसिनो सुरू झाला आणि नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. कुणी मेहनत जास्त केली म्हणून किंवा कुणाचा स्वभाव चांगला म्हणून नव्हे, सगळ्यांनाच. काही कुटुंबं त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या वर आली. या कुटुंबांतल्या मुलांमधली भांडखोरपणा, नियम मोडणं, मोठ्यांना न जुमानणं ही लक्षणं हळूहळू कमी होत गेली, ती इतकी, की कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीला आली. चिंता आणि नैराश्य यांत मात्र तसा फरक पडला नाही. कॉस्टेलो यांनी मोजली ती नुसती दादागिरी नव्हती, बेशिस्त वागण्याची सगळीच लक्षणं होती, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी गोष्ट बोलकी आहे.

त्याहून बोलकं आहे ते कारण. बदल झाला तो आईवडिलांच्या वेळात. मूल कुठं आहे, कुणाबरोबर आहे, याकडे बघायला त्यांना फुरसत मिळाली, आणि सुधारणेचा मोठा वाटा याच लक्ष देण्याने समजावता येत होता.

कॉस्टेलो यांच्या पाहणीतली मुलं मोठी झाल्यावर काय झालं, हेही २०१३मध्ये प्रसिद्ध झालं. लहानपणी दादागिरी करणारी आणि सोसणारीही जी मुलं होती, त्यांची तरुणपणी सगळ्यात वाईट अवस्था होती: नैराश्य, भीतीचे झटके, आत्महत्येचे विचार. नुसती दादागिरी केलेल्यांच्या वाट्याला हे आलं नव्हतं. त्यांच्यात समाजविघातक वृत्तीचा धोका तेवढा जास्त होता.

ज्याचा रोज छळ होतो, त्या मुलाला या सगळ्याशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. रास्त आहे. त्याला त्रास थांबायला हवा, तोही आज. पण दोन्हीकडून भरडल्या जाणाऱ्या मुलाला आठवडाभर शाळेबाहेर काढलं, तर तो आठवडा तो कुठं काढणार, हेही शिक्षा देणाऱ्याने एकदा मनात आणावं.

सिंथिया हडली आणि सँड्रा ग्रॅहम या संशोधकांनी १९९३मध्ये वेगळा रस्ता धरला. आक्रमक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांना त्यांनी १२ तासिकांमध्ये एकच गोष्ट शिकवली: कुणी काही केलं, की ते चुकूनही झालेलं असू शकतं, हे ताडून बघायचं. गोष्टी रचायच्या, नाटुकली करायची, दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचा. मुलं शिकली. ‘मुद्दामच केलं’ हा निष्कर्ष ती कमी काढू लागली, आणि त्यांची आक्रमकता कमी झाल्याचं शिक्षकांनाही जाणवलं.

या तासिका शाळेत होत होत्या. घंटा झाल्यावर यातली काही मुलं ज्या घरी परत जात असतील, तिथं त्यांचा जुनाच अंदाज बरोबर ठरत असेल.