संमतीशिवाय मनोरुग्णालयात दाखल करणे: अर्ज, तपासणी आणि कागदपत्रे

घरातील आजारी माणूस उपचाराला तयार नसेल तर त्याला मनोरुग्णालयात दाखल करता येते का, या प्रश्नाचे उत्तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 च्या कलम 89 मध्ये आहे. करता येते, परंतु केवळ घरच्यांच्या सांगण्यावरून नव्हे, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवसांसाठी.

अर्ज रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. हा प्रतिनिधी सज्ञान व्यक्ती स्वतः नेमू शकते आणि त्यासाठी साध्या कागदावर लिहून केलेली सही किंवा उठवलेला अंगठा पुरतो. माणूस बरा असतानाच हा कागद करून ठेवणे शहाणपणाचे, कारण ऐन वेळी भावाने सही करायची की पत्नीने, यावरूनच रुग्णालयाच्या दारात वाद होतात. असा कागद नसेल तर रक्ताचे, विवाहाचे किंवा दत्तकाचे नाते असलेली व्यक्ती, आणि तीही नसेल तर काळजीवाहक प्रतिनिधी ठरतो.

अर्जासोबत रुग्णाचे व अर्जदाराचे ओळखपत्र, पूर्वीचे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि प्रतिनिधी नेमल्याचा कागद न्यावा. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाकडे शिधापत्रिका नसली, तरी शासकीय रुग्णालयातील मोफत उपचारांचा त्याचा हक्क जात नाही.

प्रक्रियेचा गाभा तपासणीत आहे. दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर रुग्णाला स्वतंत्रपणे तपासतात, आणि दोघांचा निष्कर्ष जुळावा लागतो. रुग्णाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली आहे किंवा तसा प्रयत्न केला आहे, दुसऱ्यावर हिंसा केली आहे किंवा त्याला इजेची भीती वाटेल असे वर्तन केले आहे, अथवा स्वतःला हानी पोचावी इतके त्याचे स्वतःकडे दुर्लक्ष झाले आहे, यांपैकी एक तरी बाब दिसली पाहिजे. त्यामुळे ‘ऐकत नाही, चिडचिड करतो’ एवढ्या माहितीचा उपयोग होत नाही. ‘चार दिवस अन्न घेतले नाही, काल रात्री विळा घेऊन दाराशी बसला होता’ असा तारीखवार तपशील लिहून नेल्यास डॉक्टरांना ठोस आधार मिळतो.

एवढ्याने भागत नाही. रुग्णाला उपचारांविषयीची माहिती समजते का, होकार-नकाराचे परिणाम उमगतात का, बोलून किंवा खुणेने निर्णय सांगता येतो का, हेही पाहिले जाते. त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याची क्षमता नाही असे ठरवण्यास कायद्याने मनाई केली आहे. माझ्या मते संपूर्ण अधिनियमातील सर्वांत मोलाची तरतूद हीच. शिवाय यापेक्षा कमी बंधनाचा उपचार शक्य नाही, अशी खात्री व्हावी लागते.

भरती झाल्यावर स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास तीन दिवसांत आणि इतरांच्या बाबतीत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणे बंधनकारक आहे. रुग्णाला किंवा प्रतिनिधीला मंडळाकडे दाद मागता येते आणि मोफत कायदेशीर मदतही मिळते. रुग्णाच्या क्षमतेचा दर सात दिवसांनी आढावा घेतला जातो. ती परत आली की रुग्णाला स्वेच्छेने राहता येते किंवा घरी जाता येते. मुक्काम 30 दिवसांपलीकडे न्यायचा तर कलम 90 नुसार दोन मनोविकारतज्ज्ञांची नवी तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. ही मुदत प्रथम 90, नंतर 120 आणि त्यापुढे प्रत्येक वेळी 180 दिवसांपर्यंत असू शकते.

तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास, 72 तासांपर्यंत उपचार करू शकतो. मात्र या काळात विजेचे झटके देता येत नाहीत. रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी व्यक्तीला पोलिसांनी 24 तासांच्या आत जवळच्या शासकीय आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते, आणि कोणत्याही परिस्थितीत तिला कोठडीत ठेवता येत नाही. फोनवरून सल्ला हवा असल्यास टेली-मानस या शासकीय मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक आहे.