तापीकाठचं भूजल आणि ‘डार्क’चा शिक्का

देशाचं भूगर्भ सर्वेक्षण १८५१ मध्ये सुरू झालं ते कोळसा शोधायला. तापी खोऱ्याचा अहवाल १८६९ मध्ये छापूनही आला. पण खानदेशात भूगर्भाचं खरं धन म्हणजे पाणी, आणि ते शोधण्याच्या कामाने वेग घेतला तो १९७२ च्या दुष्काळात. त्याच वर्षी केंद्राच्या भूगर्भ खात्यातली भूजल शाखा वेगळी झाली. राज्याची स्वतंत्र यंत्रणाही त्याच सुमारास उभी राहिली.

खरा घोळ झाला भूजल मोजण्याच्या १९८४ च्या पद्धतीनंतर. दरवर्षी जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापैकी उपसण्याजोगं जेवढं, त्याच्या ८५ टक्क्यांवर उपसा गेला की पाणलोट ‘डार्क’, ६५ टक्क्यांच्या आत असेल तर ‘व्हाइट’, मधला ‘ग्रे’. गावोगावी मात्र ‘डार्क’चा अर्थ ‘पाणी नाही’ असाच घेतला गेला. रावेर-यावलचा शेतकरी हिरव्यागार केळीत उभा राहून विचारायचा, आमच्याकडे पाणी नाही कसं? उलट नंदुरबारकडच्या अक्राणीच्या डोंगरात उपसाच कमी, म्हणून शिक्का चांगला, ‘व्हाइट’. तिथली बाई उन्हाळ्यात झऱ्याशी हंडा घेऊन ताटकळते. हा शब्द साठ्याबद्दल बोलतच नाही, तो खर्चाबद्दल बोलतो. एवढं सोपं कुणी गावात येऊन सांगितलं नाही, आणि विहिरीचं कर्ज अडलं तेव्हाच लोकांना शिक्का कळला. १९९७ मध्ये नावं बदलून ‘अतिशोषित’ वगैरे झाली, तरी तोंडात ‘डार्क’च राहिला.

दुसरा आक्षेप मोजण्यावर होता, आणि तो रास्त होता. कर्मचारी वर्षातून चार वेळा येतो, ठरवून दिलेल्या साध्या विहिरीच्या कठड्यावरच्या रंगाच्या खुणेला टेप धरून खाली सोडतो, पाणी किती खोल ते वहीत लिहितो. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा पट्ट्यात, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या गोटे-वाळूच्या थरांत, ही साधी विहीर कधीच कोरडी पडलेली असते. उपसा होतो तो खोल ट्यूबवेलमधून, जिथे दरवर्षी मोटारीला आणखी पाइप जोडावे लागतात. खोल थराची पातळी कळावी म्हणून निरीक्षणाचे बोअर झाले, ते १९९५ नंतरच्या जलविज्ञान प्रकल्पात.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. तोवर केळीपट्ट्यातल्या कितीतरी ट्यूबवेल त्याच्या खूप खाली पोहोचल्या होत्या.