ऑइल फिल्टरच्या डब्यात काय असतं?

"फिल्टर सगळे सारखेच हो. पत्र्याचा डबा, आत कागद." गॅरेजमध्ये हे हमखास ऐकायला मिळतं. डबे खरंच सारखे दिसतात. फरक आतल्या मालात असतो.

तो कागद नुसती चाळणी नव्हे. सोलापुरी टॉवेलात उभे-आडवे धागे ठरावीक अंतरावर असतात. फिल्टरच्या कागदात तंतू वेडेवाकडे, थरावर थर पसरलेले असतात. तेल त्यातून वळणं घेत जातं, आणि भोकातून सहज निसटेल एवढा कणही वाटेत एखाद्या तंतूला घासून तिथेच चिकटतो. एअर फिल्टरमध्ये हवा वळते, पण धुळीचा कण जडत्वामुळे सरळ जाऊन तंतूवर आपटतो. तेल दाट, त्यामुळे कण प्रवाहाबरोबरच वळतो आणि जडत्वाची मदत फारशी होत नाही. मग कण तंतूच्या किती जवळून जातो, यावरच सगळं ठरतं. सेल्युलोजचा, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, तंतू 20-30 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड, काचेचा अवघा 1 ते 5. बारीक तंतू तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त मावतात आणि तेलाला वाटही मोकळी राहते. बेअरिंगमधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो, म्हणून हा फरक इंजिनाला जाणवतो. खोक्यावर नुसतं '20 मायक्रॉन' छापलेलं असेल तर त्यातून काही कळत नाही; त्या आकाराचे किती टक्के कण अडतात, तो आकडा हवा. त्यासाठी आयएसओ 4548-12 ही चाचणी आहे.

सेल्युलोज पाणी पितो, म्हणून त्याला फिनॉलिक रेझिन (उष्णतेने कडक होणारी राळ) पाजून भट्टीत पक्कं करतात. रेझिन कच्चं राहिलं की गरम तेलात घड्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात. जास्त भाजलं की कागद तडकतो.

आता रबर. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं तेल खाली उतरू नये म्हणून आत रबरी झडप असते. सोलापूरचा 43 अंशांचा उन्हाळा इथे गौण, तेलच 100 अंशांपर्यंत तापतं. स्वस्त नायट्रिल त्यात हळूहळू कडक होतं, सिलिकॉन जास्त टिकतं. फिल्टर आडवा बसत असेल आणि सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड होत असेल, तर आधी या झडपेवर संशय घ्या.

कागद तुंबला तर तेलाला बाजूने वाट देणारी बायपास झडप असते. तिची स्प्रिंग कमजोर असेल तर ती वेळेआधीच उघडते, आणि कितीही भारी कागद असला तरी न गाळलेलं तेल इंजिनात जातं.

डब्याला बाहेरून चुंबक लावायचं फॅड आहे. ते लोखंडाचा चुरा धरतं; रस्त्याची धूळ आणि अ‍ॅल्युमिनियमवर त्याचा परिणाम बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीइतकाच.

माल पारखायचा तर काढलेला फिल्टर उघडून बघा. घड्या सारख्या अंतरावर आहेत का, टोकाच्या चकतीचा गोंद सुटलाय का, झडप बोटाने वाकते का. उघडायला फिल्टर कटरच वापरा. हॅकसॉने कापलात तर पत्र्याचा भुसा घड्यांत पडतो आणि इंजिन झिजतंय असा भलताच निष्कर्ष निघतो.