गुरुवारचा आकडा आणि आवडती पात्रं : पार्श्वभूमी

मराठी मालिकांच्या चाहत्यांमधला वाद कुठल्याही पात्रावरून पेटो, शेवटी तो गुरुवारच्या टीआरपीवर, म्हणजे मालिका किती पाहिली गेली हे सांगणाऱ्या आकड्यावर, येऊन थांबतो. ‘रात्रीस खेळ चाले’तला अण्णा नाईक भारी की शेवंता, ‘आई कुठे काय करते’च्या अरुंधतीने दुसरं लग्न करायला हवं होतं का, अशा प्रश्नांना ‘आकडे बघा’ एवढंच उत्तर मिळतं. पण तो आकडा पात्राचा नसतोच, ठरावीक वेळेला लागणाऱ्या अर्ध्या तासाचा असतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे कितीतरी चांगल्या पात्रांवर अन्याय झाला आहे.

दूरदर्शनच्या काळात प्रेक्षकाची दाद पत्रातून जायची आणि मोजणी डायरीवर चालायची. कोणी काय पाहिलं हे घरातल्यांनी लिहून ठेवायचं. आठवणीतून भरलेल्या डायरीत गाजलेल्या कार्यक्रमाच्या पारड्यात थोडं जास्त पडणार, हे उघड आहे. १९९९ मध्ये खासगी मराठी वाहिनी आली, ‘आभाळमाया’ घराघरांत पोहोचली. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. तरीही आठवड्याचा आकडा सामान्य प्रेक्षकाच्या तोंडी नव्हता. तो जाहिरातदारांच्या कामाचा कागद होता.

बदल झाला २०१५ मध्ये. मोजणी नव्या संस्थेकडे गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ग्रामीण घरंही धरली जाऊ लागली. पुढे महाराष्ट्र-गोवा बाजाराच्या याद्या चाहत्यांच्या पानांवर दर आठवड्याला फिरू लागल्या, आणि पात्राबद्दलचं मत दशांश चिन्हात मांडलं जाऊ लागलं.

इथे ‘टीआरपी’ हा शब्दच नीट उलगडायला हवा. कोणी त्याचा विस्तार टेलिव्हिजन रेटिंग पॉइंट असा करतं, कोणी टार्गेट रेटिंग पॉइंट. दुसऱ्या अर्थी ठरावीक वयाचा किंवा प्रकारचा प्रेक्षकगट गृहीत असतो. त्यामुळे एकाच मालिकेचे एकाच आठवड्याचे दोन आकडे फिरतात आणि दोन्ही बरोबर असू शकतात. एक फक्त शहरी असतो, दुसरा शहरी-ग्रामीण मिळून. एक दोन वर्षांवरच्या सगळ्यांचा, दुसरा पंधरा वर्षांवरच्यांचा. यादीच्या वर बारीक अक्षरांत गट लिहिलेला नसेल तर दोन याद्या शेजारी ठेवूच नयेत.

आता हिशेब. मीटर, म्हणजे टीव्हीवर काय पाहिलं जातं ते नोंदणारं यंत्र, बसवलेल्या एका घरात चार माणसं आहेत. आजी तीस मिनिटांचा भाग पूर्ण पाहते, सून पंधरा मिनिटं पाहून उठते, बाकीचे दोघे पाहत नाहीत. माणसं गुणिले मिनिटं केली तर १२० पैकी ४५ भरली, म्हणजे ३७.५ टक्के. रेटिंग हेच. घरातल्या निम्म्या माणसांनी भाग पाहिला, पण ती ‘पोहोच’ झाली, तो आकडा वेगळा. याचा अर्थ असा की दहा जणांनी पूर्ण अर्धा तास पाहिलं काय आणि तीस जणांनी दहा-दहा मिनिटं पाहिलं काय, रेटिंग एकच. एखाद्या पात्रासाठी जीव टाकणारे दहा जण आणि रिमोट फिरवताना थांबलेले तीस जण यात फरकच दिसत नाही.

यंत्र वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण पकडतं. टीव्हीवर काय लागलंय ते त्यावरून समजतं. समोर कोण बसलंय हे मात्र माणसाने बटण दाबल्यावरच समजतं. प्रत्येकाचं बटण वेगळं. कुकरची शिट्टी झाली म्हणून स्वयंपाकघरात गेलेली बाई बटण बंद करायला विसरली, तर ती अजून मालिका बघतेय असं नोंदलं जातं. मीटर बसवलेली अशी घरं देशभरात पन्नास हजारांवर. मराठी बाजाराच्या वाट्याला येतात ती त्यातली थोडीच. म्हणून दशांशाच्या दुसऱ्या आकड्यावरून ‘नायिका संपली’ म्हणणं चूक आहे.

वाराचा घोळ तर नेहमीचा. मोजणीचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो, आणि यादी पुढच्या गुरुवारी येते. शनिवारच्या भागात कथेतली गाठ सुटली तर तिचा परिणाम बारा दिवसांनी दिसणार, शुक्रवारी सुटली तर सहा दिवसांनी. चाहते मात्र परवाच्या ट्विस्टचं श्रेय आजच्या यादीत शोधतात. रविवारचा महाएपिसोड यादीत स्वतंत्र ओळीत असतो, तो रोजच्या सरासरीत घालायचा नसतो.

वेळेमुळे काय होतं ते ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये दिसतं. २०१६ च्या पहिल्या पर्वात गोष्टच अण्णांच्या मृत्यूने सुरू होते. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन अण्णा आणि शेवंता जिवंत उभे केले. क्रूर, लंपट जमीनदारावर आणि त्याच्या शेवंतावर लोकांनी जीव लावला तो इथे. लिखाणाच्या बाबतीत तिन्ही पर्वांत दुसरं सरस, यात शंका नाही. पण मालिका रात्री साडेदहाला लागायची. तेव्हा कित्येक घरांतले दिवे मालवलेले असतात. साडेसातच्या मालिकेच्या आकड्याशी तिचा आकडा ताडून अण्णांना कमी लेखणं हा त्या पात्रावरचा अन्यायच. तिसऱ्या पर्वात शेवंताचा चेहरा बदलला, त्यावरही लोक आकडे काढून भांडले. त्या पर्वाची वेळ वेगळी होती आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यात खंड पडला होता, हे मात्र कोणी धरलं नाही.

‘आई कुठे काय करते’चं तसंच. २०२४ च्या मार्चमध्ये मालिका संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. अरुंधतीचा दुसरा नवरा आशुतोष याचा मृत्यू त्याच सुमाराचा. मग घसरण आशुतोष गेल्यामुळे की वेळ गेल्यामुळे? दोन कारणं एकाच महिन्यात आली की टीआरपीतून ती वेगळी काढता येत नाहीत. दुपारी अडीचला नोकरी करणारी बाई टीव्हीसमोर नसते, अरुंधती तिला कितीही आपली वाटो.

आणि हल्ली वाहिनीच्या ॲपवर पैसे भरून उद्याचा भाग आजच पाहणारे कितीतरी आहेत. मोबाईलवर पाहिलेलं या रेटिंगमध्ये धरलं जात नाही. पात्रासाठी सर्वांत आतुर असलेला प्रेक्षक गुरुवारच्या त्या यादीत नसतोच.