निअँडरथल मठ्ठ होते का?

‘निअँडरथल मठ्ठ होते, कच्चं मांस खायचे, त्यांचा आपल्याशी संबंध नाही.’ साताऱ्या-सांगलीच्या ग्रुपवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (निअँडरथल म्हणजे आता नामशेष झालेली, आपल्या जवळच्या नात्यातली प्राचीन माणसं.) पुस्तकातलं पोक काढलेल्या केसाळ माणसाचं चित्र मनात असलं, की तो पटतोच.

ते पोक मुख्यतः एकाच सांगाड्यामुळे रूढ झालं. १९०८ साली फ्रान्समध्ये सापडलेला तो वयस्क माणूस संधिवाताने जर्जर होता. निअँडरथलांचा मेंदू आकाराने आपल्याएवढाच होता.

मोठी शिकार ते करत, हे खरंच. पण इराकच्या शानिदार गुहेत त्यांच्या दातांवरच्या किटणात जवाच्या जातीच्या दाण्यांचे पिष्टकण (स्टार्चचे कण) मिळाले, त्यातले काही शिजलेले. तिथेच करपलेल्या अन्नाच्या गोळ्यांत कडधान्यं भिजवून ठेचल्याच्या खुणा आहेत. कडवटपणा घालवायला असं करावं हे सुचणं मठ्ठाचं काम नव्हे.

‘शिजलेलं’ कसं ओळखतात, हे कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघता येतं. शाळूचं कच्चं पीठ आणि त्याचीच शिजवलेली कण्हेरी, दोन्हींत आयोडीनचा थेंब टाका. कच्चे कण अखंड, रेखीव दिसतात. शिजलेले फुगून फुटलेले. मुलांना हे जरूर दाखवा.

राहिलं नातं. २०१० मध्ये हाडांतून मिळवलेला त्यांचा डीएनए आजच्या माणसांच्या डीएनएशी ताडून पाहिला गेला. आफ्रिकेबाहेरच्या लोकांत, म्हणजे आपल्यातही, साधारण १ ते २ टक्के वाटा त्यांच्याकडून आलाय. प्रत्येकात तुकडे मात्र वेगवेगळे.